जुन्या पेडल स्टीलला हात लावण्याआधी

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोला शहराचा दर्जा मिळाला तो १९५५ साली. स्टीव्हन्स क्रीक रस्ता आणि सॅराटोगा-सनीव्हेल रस्ता जिथे एकमेकांना छेदतात त्या चौकाच्या आसपास तेव्हा प्रून आणि जर्दाळूच्या बागा होत्या. त्याच सुमारास, तिथून दूर पूर्वेला नॅशव्हिलमध्ये, एक वाद्य आकाराला येत होते. १९५४ मध्ये कंट्री गायक वेब पिअर्स यांचे 'स्लोली' हे गाणे गाजले आणि त्यातली बड आयझॅक्स यांची पेडल स्टील गिटार ऐकून कितीतरी वादक आपापल्या वाद्याला पेडल बसवण्याच्या मागे लागले. १९५६ मध्ये बडी एमन्स या ऐन विशीच्या उंबरठ्यावरच्या वादकाने त्या पेडलांची मांडणी बदलली, आणि आज आपण ऐकतो ती पेडल स्टील बहुतांशी तिथून सुरू झाली. शहर आणि वाद्य असे एकाच वयाचे आहेत. बागा केव्हाच गेल्या, पण त्या काळातली वाद्ये अजून घरांच्या गॅरेजांमधून, जुन्या बाजारांमधून बाहेर पडतात. लॅकरला बारीक तडे गेलेले असतात, पेडल जड झालेली असतात, खालच्या सळ्यांवर गंज चढलेला असतो. असे वाद्य ज्याच्या हाती येते त्याला बहुधा पहिला प्रश्न पॉलिशचा पडतो: जुने खरवडून नवे चढवायचे का? माझे म्हणणे असे की या वाद्याची यंत्रणा निःसंकोच दुरुस्त करावी, जुन्या पॉलिशला मात्र नाइलाज झाल्याखेरीज हात लावू नये. याचे कारण ते वाद्य कसे घडत गेले त्या इतिहासात आहे, म्हणून आधी तो इतिहास पाहायला हवा.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. पेडल स्टील म्हणजे चार पायांवर उभे केलेले, टेबलासारखे दिसणारे तंतुवाद्य. पडदे दाबायचे नसतात. डाव्या हातातला गुळगुळीत पोलादी गज तारांवरून सरकवायचा आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. इथपर्यंत ती आपल्या ओळखीची हवाईयन गिटार झाली. फरक खाली आहे. प्रत्येक तार उजव्या टोकाला एका छोट्या ॲल्युमिनियमच्या 'फिंगर'वरून वळलेली असते. पेडल दाबले की सळी ओढली जाते, फिंगर आसावर किंचित फिरते, आणि तेवढीच तार ठरलेल्या स्वरापर्यंत चढते. पाय उचलला की स्प्रिंग तिला जागेवर आणते. गुडघ्याने ढकलायचे लिव्हर असतात, तेही असेच काम करतात. तार गुंजत असतानाच तिचा स्वर बदलतो, शेजारची तार मात्र जागची हलत नाही. एका तारेवर मींड आणि बाकीच्या तारा स्थिर, हा या वाद्याचा प्राण. तो सारा लाकडाच्या पेटीखालच्या सळ्या, तरफा आणि स्प्रिंगांवर अवलंबून असतो. प्रेक्षकांना दिसते ते चकाकणारे मेपलचे लाकूड, आणि वाद्य खऱ्या अर्थाने राहते त्याच्या पोटात.

गज सरकवून वाजवण्याची ही रीत अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पसरली ती मुख्यतः क्युपर्टिनोपासून सुमारे ६५ किलोमीटरवरच्या सॅन फ्रान्सिस्कोतून. ओआहू बेटावरच्या लाइए गावचा जोसेफ केकुकू १८८०-९० च्या सुमारास शाळकरी वयात गिटारवर लोखंड सरकवू लागला, आणि या पद्धतीचे श्रेय सामान्यतः त्यालाच दिले जाते. १९०४ मध्ये तो हवाई सोडून अमेरिकेत आला. पण सर्वसामान्य अमेरिकन माणसाच्या कानी हा आवाज पडला तो १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात. पनामा कालवा खुला झाल्याच्या निमित्ताने भरलेल्या त्या प्रदर्शनाला सुमारे १ कोटी ८० लाख लोकांनी भेट दिली, आणि हवाईच्या दालनातले गाणेबजावणे हे त्याचे एक मोठे आकर्षण ठरले. त्यानंतर हवाईयन संगीताच्या रेकॉर्ड अमेरिकेत धडाधड खपू लागल्या. इथे एक दावा नेहमी पुढे येतो, आणि मराठी वाचकाला तो गोड वाटण्याजोगा आहे: केकुकूच्याही आधी गेब्रिएल डेव्हियन नावाचा, भारतात जन्मलेला एक खलाशी होनोलुलूत असे वाजवत होता, म्हणजे मूळ कला आपली. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात तारेवर बांबूची कांडी सरकवून वाजवायच्या एकतंत्री वीणेचे वर्णन आहे, हे खरे. पण देवगिरीपासून होनोलुलूपर्यंत पोहोचणारी एकही सलग कडी कोणी दाखवलेली नाही. तारेवर गुळगुळीत वस्तू सरकवण्याची कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते. शार्ङ्गदेवाचा मोठेपणा त्याच्या ग्रंथाच्या बळावर उभा आहे, त्यासाठी हवाईची गिटार आपल्या खात्यावर ओढण्याची गरज नाही.

वाद्याचे पुढचे शिक्षण लोखंडाच्या कारखान्यांत झाले. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशॅम्प यांनी १९३१ मध्ये तारांची कंपने चुंबकाने पकडणारा पिकअप बनवला, आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या कारखान्यात ॲल्युमिनियम ओतून त्याची मांडीवर घेऊन वाजवायची गिटार तयार झाली. तिच्या आकारावरून लोक तिला 'तळणीचा तवा' म्हणू लागले. कारखान्यात बनून बाजारात विकली गेलेली पहिली विजेची गिटार ही अशी हवाईयन धाटणीची होती. त्यानंतर लॉस एंजेलिसजवळच्या डाऊनी गावचे पॉल बिग्सबी आले. हा माणूस मूळचा ओतकामाचे साचे बनवणारा, मोटारसायकलच्या शर्यतीत उतरणारा, क्रॉकर मोटारसायकलच्या कामात हात असलेला. १९४८ मध्ये त्यांनी वादक स्पीडी वेस्ट यांच्यासाठी पेडलांची स्टील गिटार बनवली. सुंदर, डोळेदार मेपल आणि स्वतः ओतलेले ॲल्युमिनियमचे भाग यांची ती जोडणी होती. बिग्सबी एका वेळी एकच वाद्य, एकाच वादकासाठी बनवत, आणि कित्येकांवर त्या वादकाचे नाव ठळकपणे घातलेले असे. वाद्यनिर्मितीचा हा मार्ग सुताराच्या ठोकणीपेक्षा यंत्रकाराच्या लेथवरून गेला, आणि यंत्रकाराच्या मनात वस्तू कधी 'पूर्ण' होत नाही. ती सुधारत राहते.

हे १९५४ नंतरच्या दहा वर्षांत फार स्पष्ट दिसते. आयझॅक्स यांच्या एका पेडलने दोन स्वर एकदम चढत. एमन्स यांनी त्या एका पेडलचे काम दोन पेडलांत वाटले. आपल्या भाषेत सांगायचे तर, ई हा षड्ज धरला की एक पेडल पंचमाच्या तारेला धैवतापर्यंत नेते आणि दुसरे गंधाराच्या तारेला शुद्ध मध्यमापर्यंत. दोन्ही एकदम दाबली तर सा-ग-प चे सा-म-ध होते. एकेक दाबले तर मधल्या कितीतरी छटा हाती लागतात. जिमी डे या दुसऱ्या मोठ्या वादकाने हीच कल्पना स्वीकारली, पण पेडलांचा क्रम उलटा लावला. आजही वादकांत 'एमन्स मांडणी' आणि 'डे मांडणी' असे दोन पंथ आहेत. एमन्स आणि शॉट जॅक्सन यांनी नॅशव्हिलमध्ये मिळून शो-बड ही कंपनी काढली, तिची सुरुवात जॅक्सन यांच्या गॅरेजमधली. १९६० च्या दशकाच्या आरंभी आठ तारांच्या जागी दहा आल्या, मग गुडघ्याचे लिव्हर वाढत गेले. एमन्स यांनी वेगळे होऊन उत्तर कॅरोलायनातल्या बर्लिंग्टनमधून आपल्या नावाचे वाद्य काढले. त्यात तीच फिंगर ओढूनही चालते आणि ढकलूनही. लावायला किचकट, पण त्याच्या आवाजासाठी वादक आजही जीव टाकतात. या सगळ्या घडामोडींत जुनी वाद्ये कोणी टाकून दिली नाहीत. त्यांनाच नवी सळी, नवा लिव्हर, नवी तरफ जोडली गेली. पॅलो अल्टोच्या एका वाद्यांच्या दुकानात एकेकाळी बँजो शिकवणाऱ्या जेरी गार्सिया यांनी १९६९ मध्ये हे वाद्य हाती घेतले आणि क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग या गटाच्या 'टीच युअर चिल्ड्रन' मध्ये ते वाजवले. तेव्हा सिलिकॉन व्हॅलीच्या या परिसरातल्या रॉक ऐकणाऱ्या मुलांपर्यंत पेडल स्टील पोहोचली. पण तोवर तिच्या पोटातली यंत्रणा कितीदा बदलली गेली होती!

म्हणूनच जुनी पेडल स्टील उलटी करून पाहावी. वरची बाजू कारखान्याची असते, खालची बाजू वादकाची. लाकडात जुन्या स्क्रूंची रिकामी भोके असतात: इथे आधी एक लिव्हर होता, मग तो चार बोटे डावीकडे सरकवला. एखादी सळी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या जाडीची असते, तिचे टोक हाताने कानस घासून बसवलेले असते. कंपनीचा भाग मिळाला नाही म्हणून कोणीतरी तो घरी घडवलेला आहे. पेडलांच्या क्रमावरून कळते की मालक एमन्सच्या पंथातला होता की डेच्या. फिंगरांच्या माथ्यावर तारांनी पाडलेल्या खाचा पाहिल्या तर कोणत्या तारा सर्वाधिक वापरात होत्या तेही दिसते. नावाजलेल्या वादकांबद्दल पुस्तके लिहिली जातात. पण गावोगावच्या नाचगाण्याच्या सभागृहांत शनिवारी रात्री वाजवणाऱ्या, दिवसा दुसरी नोकरी करणाऱ्या शेकडो वादकांचा इतिहास एवढाच उरला आहे, आणि तो लाकडात भोके पाडून लिहिलेला आहे. 'मूळ स्थितीत आणणे' असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा कोणत्या मूळ स्थितीत, हा प्रश्न इथे खरोखरच उभा राहतो. कारखान्यातून बाहेर पडल्या दिवशीचे वाद्य ही या बाबतीत फक्त पहिली आवृत्ती असते. अनेकदा ती अपुरी आवृत्ती असते, कारण आज आवश्यक मानले जाणारे लिव्हर तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

यावरून यंत्रणेच्या दुरुस्तीला हरकत घेण्याचे काही कारण उरत नाही. हे वाद्य दुरुस्तीतूनच जन्मले आणि दुरुस्तीतूनच वाढले. खाच पडलेली फिंगर पुन्हा गोल करून घ्यावी, नाहीतर तार त्या खाचेत झणझणते. तंबोऱ्यावर जी झणझण आपण जवारी म्हणून मुद्दाम साधतो तीच इथे दोष ठरते. घट्ट झालेले जुने ग्रीस काढावे, झिजलेला आस बदलावा, थकलेल्या स्प्रिंगा नव्या घालाव्यात. नवा लिव्हर हवा असेल तर तोही बसवावा. फक्त शक्यतो जुन्याच भोकांचा वापर करावा, आणि काढलेला प्रत्येक तुकडा एका पिशवीत घालून वाद्याच्या पेटीतच ठेवावा. म्हणजे उद्याच्या माणसाला मागे जायची वाट मोकळी राहते.

पॉलिशची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यात थोडे रसायन समजून घ्यावे लागते. त्या काळातल्या बहुतेक अमेरिकन वाद्यांवर नायट्रोसेल्युलोज लॅकर आहे. १९२० च्या दशकात ड्यूपॉन्ट कंपनीने मोटारींसाठी 'ड्यूको' या नावाने ते बाजारात आणले. आपल्याकडे लोखंडी कपाटांच्या आणि मोटारींच्या रंगकामात 'ड्यूको' हे नाव आजही कारागिरांच्या तोंडी आहे, ते हेच. लॅकर पातळ बसते, झटकन वाळते, वर्षांनुवर्षे मधासारखे पिवळे होत जाते. लाकूड थंडीउन्हात फुगते-आकसते तसे त्याला केसाएवढे बारीक तडे जातात. हे तडे पाहून लोकांना वाद्य 'गेले' असे वाटते, प्रत्यक्षात ते वय आहे. लॅकरचा एक गुण असा की त्याला त्याच्याच द्रावकात विरघळवता येते. खरचटलेल्या जागी नवे थेंब सोडले तर ते जुन्यात मुरून एकजीव होतात. म्हणजे जिथे खरोखर लाकूड उघडे पडले आहे तिथे तेवढ्यापुरती डागडुजी करता येते, सगळे खरवडण्याची गरज पडत नाही. आता कोणी पॉलिश कागद घेऊन सगळे उतरवायला बसला तर काय होते? शो-बडच्या पडद्यांवर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर अशी पत्त्यांची चिन्हे आहेत; लाकडात रंगीत पट्ट्यांची नाजूक जडणी आहे. कागद हे काही ओळखत नाही. कडा गोल होतात, जडणी पातळ होते, वर चिकटवलेले कंपनीचे चिन्ह जाते. टोकाच्या ॲल्युमिनियमच्या पाट्या चकाचक करण्यासाठी बफवर धरल्या की ओतकामाच्या खुणा पुसल्या जातात, आणि बिग्सबींच्या बाबतीत त्या खुणा म्हणजे त्यांच्या हाताची सही. यंत्रणेचा भाग काढला तर तो पिशवीत ठेवता येतो; खरवडलेले पॉलिश धूळ होते आणि धूळ कोणी परत लावत नाही. दोन्ही कामांतला खरा फरक हाच.

यावर पहिला आक्षेप वादकाचा. तो म्हणेल: हे वाद्य काही संग्रहालयात ठेवायचे नाही, मला ते रंगमंचावर न्यायचे आहे, मळकट वाद्य घेऊन कसा बसू? आक्षेप न्याय्य आहे, पण तो पॉलिशच्या बाजूने जात नाही. वाद्य वाजते राहिले पाहिजे ही मागणी यंत्रणेबद्दलची आहे, आणि ती मी आधीच मान्य केली आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात याचे सर्वांत चांगले उदाहरण क्युपर्टिनोच्या शेजारीच, माउंटन व्ह्यूच्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये पाहायला मिळते. तिथे १९५९ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम १४०१ या संगणकाची दोन यंत्रे निवृत्त अभियंत्यांनी आणि स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून पुन्हा चालू केली. निकामी जर्मेनियम ट्रान्झिस्टर शोधून बदलले, कार्ड वाचणारी आणि छापणारी अवजड यंत्रे सुरू केली. पीडीपी-१ हा त्याच पिढीतला दुसरा संगणकही तिथे चालू आहे, आणि त्यावर 'स्पेसवॉर' खेळता येतो. कोणी त्यांच्या पत्र्याच्या पेट्या नव्या रंगात न्हाऊ घालण्याला चालू करणे म्हटले नाही. ज्या खोऱ्यात दर दोन वर्षांनी यंत्र जुने ठरते तिथल्याच लोकांनी ही शिस्त घालून दिली आहे. क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजच्या आवारात अनेक वर्षे, वर्षातले बरेच महिने, महिन्यातल्या एका शनिवारी इलेक्ट्रॉनिक्सचा जुना बाजार भरत असे. पहाटेपासून लोक व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, जुने मीटर चाचपत फिरत. जुन्या अॅम्प्लिफायरला लागणारा एखादा व्हॉल्व्ह मिळवून तो पुन्हा बोलता करणे हा इथल्या मातीतला संस्कार आहे. पेडल स्टीलला तोच लागू करायचा आहे.

दुसरा आक्षेप असा की कित्येक वाद्यांचे पॉलिश आधीच एकदा बदललेले असते. तिथे जपायचे काय? खरे आहे. १९७० च्या दशकात एखाद्याने घरी ब्रशने जाड व्हार्निश फासले असेल तर त्याला मूळ पॉलिशचा मान देण्याचे कारण नाही. तिथेही मी सबुरीचा सल्ला देईन, कारण त्या थराखाली मूळ लॅकर शिल्लक असू शकते आणि जाणकार हात ते वाचवू शकतो. पण लाकूड उकललेले असेल, पाण्यात भिजून लॅकर पापुद्र्यांनी सुटत असेल, किंवा आधीच कोणी सगळे खरवडून टाकले असेल, तर नवे लॅकर चढवणे योग्य. अशा वेळी काय केले ते लिहून पेटीत ठेवले की फसवणूकही टळते. नव्या पॉलिशने आवाज बदलतो की नाही यावर वादक तासन्तास भांडतात. मी त्या वादात शिरत नाही, कारण माझा मुद्दा आवाजाशी बांधलेला नाही. आवाज तसूभर बदलला नाही तरी पुरावा नष्ट होतोच. बाजारभावाबद्दलही तेच. मूळ पॉलिशच्या वाद्याला सहसा अधिक किंमत येते, पण किंमत हे जपण्याचे कारण मानले तर किंमत उतरताच जपणेही थांबेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो आपल्या घरचा आहे. मिरजेचे सतारमेकर जुन्या तंबोऱ्याला, सतारीला सर्रास नवे पॉलिश करतात. गायक तंबोरा दुरुस्तीला पाठवतो तेव्हा तो लखलखीत होऊन यावा अशीच त्याची अपेक्षा असते. मग आपल्या परंपरेत जे चालते ते अमेरिकन वाद्यावर चालत नाही, असे कसे? याचे उत्तर मिरजेच्या इतिहासातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोइनुद्दीन हे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार आणि झळाळी देणारे कारागीर, वाद्यांकडे वळले. इंग्रजी अमलात तलवारीची मागणी सरली, तेव्हा धातूला चकाकी देणारे हात तुनीच्या लाकडाकडे आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांकडे गेले. तिथून पिढ्यान्पिढ्या एकाच गल्लीत, एकाच घराण्यांत ही विद्या उतरत आली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून चिंधीने थरावर थर चढवायचे, घोडीवर कानस फिरवून जवारी उघडायची, झिजून गेलेली घोडी बदलायची. हे करणारा माणूस वाद्य घडवणाऱ्याचाच वारस असतो. तो जेव्हा तंबोऱ्याला पुन्हा पॉलिश करतो तेव्हा त्याच कारखान्याचे काम पुढे चालू राहते. पदार्थ तोच, पद्धत तीच, शिकवणही तीच. त्यात पुरावा पुसला जात नाही, कारण पुरावा ज्याच्याकडे आहे तो माणूसच ते काम करतो. बिग्सबी १९६८ मध्ये वारले. शो-बडचा कारखाना १९८० च्या दशकात थांबला. त्यांचे लॅकर चढवणारे ते कारखाने आज नाहीत. तेव्हा वाद्यावर जे शिल्लक आहे तेवढेच त्यांचे काम. जिथे घडवणारी परंपरा जिवंत आहे तिथे पॉलिश हा देखभालीचा भाग आहे. जिथे ती संपली तिथे तो दस्तऐवज आहे. माझ्या मते दोन्हीकडे एकच न्याय लावला की हे दोन वेगळे निकाल आपोआप निघतात.

कोणी म्हणेल की पेडल स्टीलशी मराठी माणसाचे नाते ते काय, एवढा खल कशाला? नाते दूरचे नाही. हवाईयन गिटार आपल्याकडे कलकत्त्याच्या वाटेने रुजली. टाऊ मो यांच्यासारखे वादक तिथे राहून गेले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिपले यांनी विजेच्या गिटारवर चित्रपटगीतांच्या धुना वाजवून ती घराघरांत नेली, त्यांच्या जोडीला पुण्याचे इनॉक डॅनियल्स अॅकॉर्डियनवर असत. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेमागे एचएमव्हीचे जी. एन. जोशी होते, म्हणजे मराठी भावगीताला पहिली ओळख देणारे जोशी. त्यात शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत, माणिकराव पोपटकरांच्या तबल्यावर, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आहे. काब्रा यांनी गिब्सन कंपनीची पडद्यांची गिटार मांडीवर घेऊन गजाने वाजवण्यासाठी बदलून घेतली होती. अमेरिकन कारखान्याचे वाद्य, हवाईची रीत आणि मैहर घराण्याची तालीम. काब्रा यांचे गुरू अली अकबर खाँ यांनी त्याच १९६७ साली बर्कलीत आपले संगीत महाविद्यालय सुरू केले, ते पुढे सॅन राफेलला गेले. क्युपर्टिनोहून दोन्ही ठिकाणे मोटारीच्या टप्प्यात. आता कोणी काब्रांची ती गिटार 'मूळ स्थितीत' आणतो म्हणून कारखान्यासारखी करून टाकली, तर जे ऐतिहासिक आहे तेच जाईल हे कोणालाही पटेल. नाव नसलेल्या वादकाच्या पेडल स्टीलला हाच न्याय नाकारण्याचे कारण मला सापडत नाही.

आणि हा प्रश्न मराठी घरांत येऊन ठेपलेलाच आहे. क्युपर्टिनो आणि आसपासच्या गावांत मिरजेचे तंबोरे आणि सतारी आहेत. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उन्हाळ्यात मिरजेच्या हवेत मुरलेले लाकूड आकसते, सांधे सुटतात, चपड्याला तडे जातात. मिरज हजारो मैलांवर आहे, आणि मिरजेतही हे काम करणारी घरे आता थोडी उरली आहेत. जे वाद्य आज देखभालीच्या वर्गात मोडते ते एका पिढीत दस्तऐवजाच्या वर्गात जाऊ शकते. म्हणून ज्यांच्या घरी असे वाद्य आहे, मग ती शो-बड असो की आजीचा तंबोरा, त्यांना एवढीच विनंती आहे. ते कोणा गिटारवाल्याच्या सँडिंग यंत्राखाली देऊ नका. आधी आतून, खालून, सगळीकडून छायाचित्रे काढा. कारागिराचे नाव, वाद्य कोणी वाजवले, कोणी कधी दुरुस्त केले, हे माहीत असलेली माणसे आहेत तोवर विचारून एका कागदावर लिहा. जुनी घोडी, जुनी खुंटी, जुना लिव्हर टाकू नका. तो कागद आणि ते तुकडे वाद्याच्याच पेटीत ठेवा, आणि मग दुरुस्ती करणाऱ्याला बोलवा.